केनियात सेवेला जाताय? निघायच्या आधीपासून पहिल्या दोन वर्षांपर्यंत घरच्यांसकट काय काय करायचं

नगर, नाशिक, पुणे, कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधली, म्हणजे चर्चमधली, तरुण जोडपी परदेशी सेवेला, म्हणजे मिशनरी म्हणून, जायचं म्हणतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा संदेश कसा द्यायचा, संडे स्कूल कसं घ्यायचं, प्रोजेक्टर न्यावा का असेच असतात. पण तिथं गेल्यावर कुटुंब थकतं ते ताप, मुलांची शाळा, न कळणारी भाषा, महिन्याचा हिशोब आणि संध्याकाळचा एकटेपणा यांनी. त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय. आम्ही किसुमूच्या बाजूला, व्हिक्टोरिया तलावाच्या जवळ राहतो, त्यामुळे सगळं केनियाचंच आहे, नेपाळला किंवा कंबोडियाला जाणाऱ्यांनी यातलं घेता येईल तेवढं घ्या.

पहिली पायरी : कुणाच्या हाताखाली जाताय ते ठरवा

केनियात 2019 च्या जनगणनेत सुमारे 85 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणून नोंदवलंय. रविवारी सकाळी रस्त्याने चाललात तर दर थोड्या अंतरावर पत्र्याच्या छताखाली उपासना चालू असते, आपल्याकडच्या कितीतरी मंडळ्यांपेक्षा मोठ्या आणि जिवंत. म्हणजे आपण तिथं पहिल्यांदा शुभवर्तमान घेऊन चाललोय असं मनात असेल तर ते इथंच काढून टाका. तिथल्या मंडळीला काय हवंय हे तिने सांगायचं आणि आपण त्यात बसतोय का ते बघायचं. नर्सिंग, शिक्षक प्रशिक्षण, हिशोब, शेती, पाळकांचे अभ्यासवर्ग, किसुमू-नैरोबीतल्या भारतीयांमधलं काम, अशी कामं खरोखर मागितली जातात.

म्हणून तिकिटाच्या आधी तिथल्या नोंदणी झालेल्या मंडळीचं किंवा संस्थेचं पत्र घ्या आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: काम काय, किती वर्षांचं, तुमचा वरिष्ठ कोण, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा. शेवटची गोष्ट लिहायला सगळेच लाजतात, पण तीच पुढे सगळ्यात उपयोगी पडते. 2023 मध्ये किलिफी काउंटीत शाकाहोलाला एका उपदेशकाच्या नादी लागून चारशेहून जास्त माणसं गेली, उपाशी राहून, लेकरंसुद्धा. त्यानंतर सरकार आणि साधे लोक दोघंही एकट्याने फिरणाऱ्या उपदेशकाकडे संशयाने बघतात आणि मला वाटतं बरोबरच करतात. कुणालाही हिशोब न देणारा मिशनरी होऊ नका.

आणि आपला नाशिकचा धागा माहीत करून घ्या. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणली गेली, शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली, मोठी झाली. त्यांच्यातले बरेच जण पुढे मोम्बासाला परत गेले. 1874-75 च्या सुमाराला मोम्बासासमोर फ्रेअर टाउन उभं राहिलं, नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं आणि चालवायला आले ते शरणपूरचेच विल्यम सॉल्टर प्राइस. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांमध्येही नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. पूर्व आफ्रिकेच्या मंडळीतले सुरुवातीचे बरेच शिक्षक आणि प्रचारक म्हणजे ही मुलं. नाशिकच्या माणसाने तर जाण्याआधी हे वाचून जावंच, कारण तिथल्या पाळकाशी बोलताना ही ओळख फार कामी येते.

दुसरी पायरी : कागद आणि पैसा

केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, आणलाय, ऑनलाइन अर्ज करायचा. पण ईटीए म्हणजे पाहुण्याची परवानगी, त्यावर सेवाकार्य करायचं नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी वर्क परमिटचा वेगळा वर्ग आहे, वर्ग आय, आणि तो अर्ज तुम्हाला बोलावणारी संस्थाच करते. वेळ लागतो, कधी कधी महिनोन्‌महिने, त्यामुळे नोकरीचा राजीनामा आणि घराचं सामान विकणं परमिट हातात आल्यावरच. नवरा किंवा बायको आणि मुलांना डिपेंडंट पास मिळतो, आणि त्या पासवर स्वतः काम करता येत नाही, त्यासाठी वेगळं परमिट लागतं. दोघंही सेवेला चाललाय असं मंडळीने इथं जाहीर केलं असेल तर दोघांच्याही कागदांचं आधीच बघा, नाहीतर एक जण घरात अडकतो आणि मग घरात जे होतं ते कुणाला सांगताही येत नाही. 90 दिवसांच्या वर राहायचं तर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून कार्ड घ्यावं लागतं.

सगळ्या कागदांवर नावं एकसारखी करून घ्या. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, लग्नाआधीचं आडनाव तिसरीकडे, असं असतंच. मराठीतले दाखले इंग्रजीत भाषांतर करून नोटरी करा, पासपोर्ट सेवेतून पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, काढून ठेवा.

पैशाबद्दल मंडळीच्या पंचांशी बसून बोला. आपल्या ट्रस्टचा पैसा भारताबाहेरच्या कामासाठी वापरला तर त्यावरची करसवलत सहज मिळत नाही, त्याला प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, हे बऱ्याच मंडळ्यांना माहीतच नसतं आणि मग ऑडिटच्या वेळी धावपळ होते. सीए ला विचारल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. वैयक्तिक देणगीदार बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात, त्यामुळे साध्या कुटुंबाला मर्यादेची अडचण येत नाही, अडचण येते ती पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरल्यावर पैसे यायचे थांबतात याची. किमान दोन वर्षांचा शब्द लेखी घ्या आणि परतीच्या तिकिटांचे पैसे वेगळ्या खात्यात टाकून विसरून जा.

तिसरी पायरी : तब्येत आणि बॅगा

यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, मुंबई-पुण्यात केंद्रं आहेत पण आधी नंबर लावावा लागतो. दाखला आयुष्यभर चालतो. केनियाहून भारतात परतताना तो नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात, तेव्हा पासपोर्टलाच पिन करून ठेवा. अगदी लहान बाळांना ही लस देत नाहीत, आणि अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा.

मलेरिया. नैरोबी उंचावर आहे, तिथं धोका कमी. किनारपट्टीला आणि आमच्या तलावाच्या पट्ट्यात भरपूर, आणि तोही बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे डोक्यात जाणारा. 1844 मध्ये जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राफ मोम्बासाला पोचला आणि काही महिन्यांतच बायको रोझिन आणि तान्ही मुलगी दोघींना तापाने गमावून बसला. आज औषध आहे, पण वेळेवर घेतलं तरच. आपल्याकडची सवय अशी की ताप आला की पॅरासिटामॉल द्यायची आणि दोन दिवस वाट बघायची. तिथं असं करायचं नाही. मुलाला ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, रात्र झाली तरी. घरात टेस्ट किट ठेवा, सगळ्यांना औषधी मच्छरदाणी, आणि मोठ्यांनीसुद्धा आत झोपायचं. तलावाच्या कडेच्या पाण्यात मुलांना खेळू देऊ नका, बिलहार्झियाचे जंतू त्वचेतून आत जातात, आणि काही ठिकाणी पाणघोडेही असतात. आजाऱ्याला विमानाने दवाखान्यात नेणाऱ्या आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची वर्षाची मेंबरशिप घेता येते, गावात राहणार असाल तर घ्याच.

सामानात प्लास्टिकच्या कॅरीबॅगा अजिबात नकोत. 28 ऑगस्ट 2017 पासून केनियात त्यांच्यावर कडक बंदी आहे, दंड आणि तुरुंग दोन्ही. आपण लोणचं, चटण्या, चपला सगळं कॅरीबॅगेत गुंडाळतो, तेव्हा बॅग भरणाऱ्या आईला आधीच सांगा आणि कापडी पिशव्या शिवून घ्या. नैरोबीला जुलैत चांगलीच थंडी असते, स्वेटर न्या. तीन चौकोनी पिनांचे प्लग लागतात. मसाला न्या, कुकरच्या शिट्ट्या-रिंगा न्या, पण पिठं नेऊ नका. ज्वारीचं पीठ तिथं उंगा वा म्तामा म्हणून मिळतं, भाकरी मस्त होते, आणि नाचणी तर त्यांचीच, तिची पातळ पेज सकाळी घरोघरी पितात, उजी म्हणतात. माझ्या धाकट्याने तर नाचणीची पेज आजीच्या हातची नको म्हणून सोडली होती, ती शेजारच्या घरी आवडीने पितो.

चौथी पायरी : पहिले तीन महिने फक्त राहायला शिका

या तीन महिन्यांत संदेश द्यायचा नाही, वर्ग घ्यायचे नाहीत, फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. मंडळी आग्रह करेल, पाहुण्याला पुलपिटवर बोलावणं हा त्यांच्याकडे मान आहे, तेव्हा उभं राहून सगळ्यांना सलाम सांगायचा, कुटुंबाची ओळख करून द्यायची आणि खाली बसायचं.

सिमकार्ड आणि एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, पहिल्या आठवड्यात. 2007 मध्ये ती सुरू झाली आणि आता सगळा देश त्यावर चालतो, भाजीवाली, बोडा बोडावाला (मोटारसायकल-टॅक्सीवाला), शाळेची फी, मंडळीतलं दान, सगळं. वेळेचा हिशोब घोकून ठेवा: स्वाहिलीत दिवस उजाडण्यापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे सा मोजा, पहिला तास, आणि दहा म्हणजे सा न्ने, चौथा तास. कुणी स्वाहिलीत चार वाजता उपासना म्हणालं तर ती सकाळी दहाला असते. उपासना तीन तास चालते, मुलांसाठी पाणी आणि काहीतरी खायला बरोबर ठेवा.

जेवायला बोलावलं की जा. शक्य तेवढं प्रत्येक घरी जा. आत शिरल्यावर घरातल्या प्रत्येकाशी, लहान मुलांशीसुद्धा, हात मिळवायचा. मग घरातलं एखादं पोर एका हातात जग आणि दुसऱ्या हातात घमेलं घेऊन येतं, प्रत्येकासमोर थांबतं आणि कोमट पाणी हातावर ओततं, आपण हात चोळायचे, आधी मोठ्यांचे, मग आपले. मग प्रार्थना, मग उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची सुरीने कापता येईल इतकी घट्ट उकड, सोबत सुकुमा विकीची पालेभाजी, तलावाची मासळी किंवा ओमेना. ओमेना बारीक सुकवलेली मासळी असते, कोकणातल्या माणसाला जड जाणार नाही. उगालीचा घास बोटांनी वळून, अंगठ्याने खळगा करून भाजी उचलायची. हाताने जेवता येतं हे बघून घरच्या बाईच्या चेहऱ्यावरचा संकोच जातो, हा आपला मोठा फायदा आहे. जाताना साखर, चहापत्ती, मक्याचं पीठ घेऊन जायचं, हार-गुच्छ नको.

पाचवी पायरी : तुम्ही मुहिंदी (स्वाहिलीत भारतीय) आहात हे लक्षात ठेवा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गोऱ्या मिशनरीकडे लोक एका नजरेने बघतात, आपल्याकडे दुसऱ्या. 1896 ते 1901 मध्ये मोम्बासा ते किसुमू रेल्वे बांधायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. काही राहिले, त्यांच्या मागोमाग गुजराती-पंजाबी व्यापारी आले, दुकानं झाली, कारखाने झाले. सरकारने 2017 मध्ये आशियाई वंशाच्या लोकांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यताही दिली. पण साध्या केनियन माणसाच्या डोक्यात मुहिंदी म्हणजे काउंटरमागे बसलेला मालक, जो पगार उशिरा देतो आणि घरी कधी बोलावत नाही. सगळे तसे नाहीत, उदार भारतीय कुटुंबं मी पाहिलीयत, दवाखाने-शाळा त्यांनी बांधल्यात. तरी तुम्ही विमानातून उतरलात की ही प्रतिमा तुमच्या आधी घरात पोचलेली असते आणि ती तोंडाने सांगून पुसता येत नाही.

मग काय करायचं तर आधी घर कुठं घेताय ते बघा. फक्त भारतीयांच्या, उंच भिंतीच्या कॉलनीत पहिलं घर घेऊ नका. सुरक्षिततेचा विचार करायलाच हवा, मंडळीतल्या दोन-तीन बायकांना विचारा की त्या रात्री कुठल्या भागात बिनधास्त चालतात, तिथं बघा.

दुसरं, घरकामाला येणारी बाई. तिचा पगार ठरल्या तारखेला, लेखी, एनएसएसएफ (सरकारी निवृत्ती निधी) आणि आरोग्य विम्याचा हप्ता नियमाने भरायचा, सुट्टी द्यायची. आणि तिचा कप वेगळा ठेवायचा नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या आज्या-पणज्यांनी गावच्या हॉटेलाबाहेर वेगळ्या कपातून चहा प्यायलाय, त्या अपमानातून बाहेर यायला आपल्या लोकांना प्रभूची मेजवानी, म्हणजे चर्चमधलं सगळ्यांनी एकत्र घ्यायचं प्रभुभोजन, किती मोठी वाटली असेल. त्याच घरातली सून किसुमूत कामाच्या बाईला खिडकीतला जुना मग देते हे बघवत नाही. टेबलावर बसवा, बरोबर जेवा, तिच्या मुलाच्या शाळेची चौकशी करा.

तिसरं, आपलं मराठी बोलणं. समोरच्याला कळत नाही म्हणून रंगाबद्दल, केसांबद्दल, वासाबद्दल काहीही बोलायची घरात सवय असेल तर ती इथंच बंद करा. आवाजातून कळतं सगळं. आणि मुलं तेच शाळेत जाऊन बोलतात.

सहावी पायरी : भाषा

इंग्रजीवर निभेल असं सगळे सांगतात आणि शहरात निभतंही. पण इंग्रजीत माणूस ऑफिसात बोलतो, रडतो स्वाहिलीत किंवा आपल्या मातृभाषेत. पहिलं वर्ष रोज सकाळी दोन तास स्वाहिली, शिक्षक लावून, नवरा-बायको दोघांनी. नवरा सेवेत आहे म्हणून तो शिकणार आणि बायको बाजारात शिकेल असं करू नका, कारण बायकांच्या प्रार्थनासभेत तीच जाणार असते. व्याकरणात नामांचे बरेच वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे विशेषण-क्रियापद सगळं बदलतं, मराठीत तीन लिंगं सांभाळणाऱ्याला ते जमतं, फक्त घाबरायचं नाही. मोठ्या माणसाला शिकामू म्हणायचं, ते मराहबा म्हणतात. मुलांना हे पहिल्या दिवशी शिकवा. आमच्या बाजूला लुओ लोक जास्त, त्यांची भाषा धोलुओ, निदान सकाळचं ओयावोरे आणि एरोकामानो, म्हणजे आभार, एवढं तरी यायला हवं, म्हाताऱ्या बायका हात धरून ठेवतात.

सातवी पायरी : मयतीला जा

सेवेचा खरा दरवाजा इथंच उघडतो. पश्चिम केनियात माणूस नैरोबीत वारला तरी पुरायला गावच्या घरीच आणतात. त्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी लोक जमतात, समिती बसते, गाडीचा, पेटीचा, जेवणाचा खर्च काढतात आणि वर्गणी गोळा होते. कुणी किती दिले ते वहीत लिहितात आणि बऱ्याचदा मोठ्याने वाचतात. तुम्हीही द्या, पण परदेशी म्हणून सगळ्यांच्या वर आकडा लिहू नका, पाळकाला विचारून त्याच्या आसपासचा द्या. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बसा. प्लास्टिकच्या खुर्चीवर, मंडपात, दोन-दोन तास, काही न बोलता. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी भेटून येतो तसं चालत नाही, दफनाला दिवसभर थांबायचं, भाषणं लांबतात, पाऊस येतो, थांबायचं. आमच्या शेजारच्या आजींचा नातू गेला तेव्हा माझे यजमान रात्रभर गावात राहिले, एक शब्दही उपदेश केला नाही. त्यानंतर त्या घरातली माणसं स्वतःहून बायबल अभ्यासाला यायला लागली.

मुलं

शाळेचं वर्ष तिथं जानेवारीत सुरू होतं, तीन टर्म असतात. जूनमध्ये इथलं वर्ष सुरू करून मध्येच नेलं की मुलाचं नुकसान होतं, त्यामुळे शक्यतो डिसेंबरात पोचा, फक्त तेव्हा सगळे गावी गेलेले असतात, घर आधी ठरवून ठेवा. सरकारी अभ्यासक्रमाच्या शाळा बऱ्याच स्वस्त, इंग्रजी माध्यम आणि स्वाहिली सक्तीची. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला मी हेच सुचवेन, भाषा पटकन येते, मित्र होतात. आठवी-नववीच्या मुलाला मात्र दहावी-बारावी कुठल्या बोर्डाची देणार याचा विचार न करता नेऊ नका, त्यापेक्षा दोन वर्षं थांबलेलं बरं. मोठ्या मुलांना निर्णयात घ्या. आईबापाला बोलावणं आलं म्हणून आपण ओढले गेलो अशी अढी बसली की ती वर्षानुवर्षं जात नाही.

मराठी घरात चालू ठेवा. रात्रीची प्रार्थना मराठीत, आजीशी व्हिडिओ कॉल रविवारी, केनिया अडीच तास मागे आहे, त्यामुळे केनियात दुपारी चारला लावला की भारतात साडेसहा, आजी चहा घेऊन बसलेली असते. देवनागरी वाचायला शिकवा, नाहीतर परत आल्यावर मूल मंडळीत गीताचं पुस्तक उलटं धरून बसतं.

नवरा-बायको आणि मागे राहिलेले

सहाव्या-सातव्या महिन्यात एक जण ढासळतो, बहुतेकदा जो घरात जास्त असतो तो. चिडचिड, झोप न लागणं, केनियातल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवणं. हे विश्वासाची कमी नाही. आठवड्यातला एक दिवस सेवेविना ठेवा, फोन बंद. महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळीतल्या एकाच विश्वासू जोडप्याला दर महिन्याला खरं खरं सांगायचं, अहवालात लिहितो तसं नाही. गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा, नैरोबीत चांगले मिळतात, ऑनलाइन मराठीतही मिळतात.

आईवडिलांचं आजारपण हा सगळ्यात अवघड भाग. निघायच्या आधीच भावंडांबरोबर बसून ठरवा की दवाखान्याचा खर्च कोण बघणार, कोण जवळ राहणार, कुठल्या परिस्थितीत तुम्ही लगेच येणार. मुंबई-नैरोबी थेट विमान सहा तासांचं आहे, पण किसुमूहून निघून गावी पोचेपर्यंत पूर्ण दिवस जातो, आणि मयत तेवढं थांबवायचं की नाही हेसुद्धा बोलून ठेवावं लागतं. बोलायला जड जातं, तरी बोला.

निवडणुकीचं वर्ष

दर पाच वर्षांनी ऑगस्टमध्ये मतदान, पुढचं 2027 ला. 2007 च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात हजाराहून जास्त लोक मेले, किसुमूनेही ते भोगलं. त्या दोन महिन्यांत घरात किराणा, गॅस, औषधं आणि थोडी रोकड ठेवा, भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवलेलं असू द्या, कुणाची जमात कुठली हे विचारू नका, आणि कुणाच्याही बाजूने, मस्करीतसुद्धा, बोलू नका.

सुट्टीवर येताना

दोन वर्षांनी यायचं असेल तर सहा महिने आधीपासून तुमचं प्रत्येक काम तिथल्याच एखाद्या माणसाला शिकवायला घ्या आणि जाण्याआधी महिनाभर ते त्याला एकट्याला करू द्या, तुम्ही मागच्या बाकावर बसा. चाव्या, वह्या, बँकेच्या सह्या लेखी सोपवा. परत गेल्यावर त्याच्याकडून काम काढून घेऊ नका, मंडळीला विचारा आता आम्ही काय करू. परमिटची तारीख सुट्टीत संपत नाहीये ना ते बघा, यलो फीव्हरचे दाखले हातातल्या पिशवीत घ्या, आणि इथं आल्यावर पहिले दोन रविवार कुठल्याही मंडळीत बोलायचं कबूल करू नका, मुलांना आजीकडे नुसतं झोपू द्या.